तुरीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न: ओल्या शेंगांपासून तुराट्यांपर्यंत

बाजारात तुरीच्या शेंगा दिसायला लागल्या की प्रश्नांचा ओघ सुरू होतो. डाळीचे प्रश्न तर बारा महिने असतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. मी विदर्भातली, त्यामुळे ओल्या दाण्यांना इथे झुकतं माप मिळालं आहे आणि ते मला योग्यच वाटतं. कुकरमधली पिवळी डाळ म्हणजेच तूर, एवढीच तिची ओळख शहरातल्या घरांत उरली आहे. या झाडाचं शेंगेपासून काडीपर्यंत काहीही वाया जात नाही, हे पुढच्या पिढीला माहीत असावं असं मनापासून वाटतं.

1. तूर, तुवर आणि अरहर एकच का? मग लाल तूर आणि पांढरी तूर कशी?

तिन्ही एकच. महाराष्ट्रात तूर, गुजरातेत तुवर, हिंदी पट्ट्यात अरहर. लाल आणि पांढरी हा फरक दाण्याच्या टरफलाचा आहे. टरफल काढलं की आतली डाळ दोन्हींची पिवळीच. जालना जिल्ह्यातल्या बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रातून आलेले दोन वाण मराठवाडा-विदर्भात घरोघरी माहीत आहेत: बीएसएमआर 736 लाल आणि बीडीएन 711 पांढरा. ओले दाणे खायला पांढरी तूर गोड लागते असं आमच्याकडे बरेच जण सांगतात. माझ्या मते दाणा किती कोवळा आहे यावर चव जास्त अवलंबून असते.

2. वरण आणि आमटी यांत नेमका फरक काय?

डाळ मऊ शिजवून, घोटून, त्यात मीठ, हळद, हिंग आणि हवा तर गुळाचा खडा घातला की साधं वरण झालं. वरून फोडणी दिली की ते फोडणीचं वरण. डाळ पातळ करून चिंच किंवा आमसूल, गूळ आणि गोडा मसाला घालून उकळली की आमटी.

हे झालं पुण्या-मुंबईकडचं उत्तर. गाव बदललं की वरणही बदलतं. गोव्यात हिंदू घरांतल्या वरणात ओलं खोबरं वाटून घालतात. सारस्वतांच्या दाळीतोयमध्ये मसाला नसतो. हिरवी मिरची, आलं, हिंग, मोहरी आणि कढीपत्ता एवढ्यावरच ते उभं राहतं. मराठवाड्यात चिंचेचं आंबट वरण, खानदेशात बट्टीसोबत, तर आमच्याकडे रोडग्यांसोबत वरण आणि वांग्याची भाजी. वरणफळं (काही घरी चकोल्या म्हणतात) हीसुद्धा तुरीच्या आमटीतच शिजतात. त्यामुळे “खरं वरण कोणतं” या प्रश्नात मी पडत नाही.

3. डाळ तासभर शिजवली तरी दाणा दाणा राहतो. काय चुकतं?

बहुतेक वेळा चूक स्वयंपाक करणाऱ्याची नसते. डाळ जुनी असेल, त्यातही उष्ण आणि दमट जागी साठवलेली असेल, तर ती कठीण होते. दुसरं कारण पाणी. बोअरच्या जड पाण्यातल्या कॅल्शियममुळे डाळ मऊ व्हायला वेळ लागतो. लंडनला राहणाऱ्या वाचकांकडून ही तक्रार येते, कारण तिथलं नळाचं पाणीही जडच आहे. तिसरं कारण म्हणजे आंबट आधी घालणं. चिंच, आमसूल, टोमॅटो, कैरी हे सगळं डाळ पूर्ण शिजल्यावरच घालावं.

उपाय सोपा आहे. डाळ अर्धा तास कोमट पाण्यात भिजवा, शिजवायला फिल्टरचं पाणी घ्या, हळद-हिंग आणि चमचाभर तेल घाला. तीन शिट्ट्यांनंतर आच मंद करून दहा मिनिटं ठेवा. सोडा शक्यतो घालू नका. त्याने डाळ मऊ होते, पण चव बिघडते आणि बी-1 जीवनसत्त्व नष्ट होतं. उकळताना येणारा फेस काढला नाही तरी बिघडत नाही. तेलामुळे तो आटोक्यात राहतो.

4. ओल्या शेंगा कधी मिळतात आणि निवडायच्या कशा?

साधारण नोव्हेंबरच्या शेवटापासून संक्रांतीच्या पुढेमागेपर्यंत. त्यानंतर शेंगा वाळायला लागतात आणि तूर कापणीला येते.

शेंग हातात घेऊन दाबा. दाणे बोटाला भरलेले लागले पाहिजेत. शेंगेवर जांभळट-तपकिरी रेघा असल्या तर घाबरू नका, तो काही वाणांचा रंगच आहे. मात्र छिद्र पाहा. मोठं छिद्र असेल तर घाटेअळीने दाणे खाल्लेले असतात. टाचणीच्या टोकाएवढं छिद्र शेंगमाशीचं, आणि अशी शेंग बाहेरून धडधाकट दिसली तरी आतला दाणा किडलेला निघतो. किलोभर शेंगांतून निम्म्याहून कमीच दाणे हाती येतात, त्या हिशेबाने शेंगा घ्या.

साठवायचे असतील तर दाणे उकळत्या पाण्यात दोन मिनिटं ठेवून लगेच थंड पाण्यात टाका, निथळून फडक्यावर कोरडे करा आणि पिशव्या भरून फ्रीझरमध्ये ठेवा. न उकळता ठेवलेल्या दाण्यांचा रंग आणि चव दोन्ही उतरतात.

5. विदर्भातली तुरीच्या सोल्यांची आमटी कशी करतात?

ओल्या दाण्यांना आमच्याकडे सोले म्हणतात. चार माणसांसाठी दोन वाट्या सोले घ्या.

कढईत चमचाभर तेलावर सोले मध्यम आचेवर परता. ते तडतडायला लागतात, त्यांच्यावर काळपट ठिपके येतात आणि घरभर खमंग वास सुटतो. इथे घाई करू नका, आमटीची सगळी चव या परतण्यात आहे. थोडे सोले अख्खेच बाजूला काढा. उरलेले चार-पाच हिरव्या मिरच्या, आठ-दहा लसूण पाकळ्या, चमचाभर जिरं आणि मूठभर सांबार (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबारच म्हणतात) यांच्यासोबत पाट्यावर किंवा मिक्सरवर जाडसर वाटा. गुळगुळीत वाटलं तर आमटी चिकट होते.

आता तेल जरा सढळ घ्या. मोहरी, जिरं, बारीक चिरलेला कांदा, हळद आणि वाटण घालून बाजूने तेल सुटेपर्यंत परता. मग गरम पाणी, मीठ आणि बाजूला काढलेले अख्खे सोले घाला. पंधरा मिनिटं उकळू द्या. आमटी निवताना घट्ट होते, म्हणून सुरुवातीला पातळच ठेवा. आंबट काही घालत नाहीत, गूळही नाही. सोबत ज्वारीची भाकरी, कच्चा कांदा आणि मग गरम भात.

6. सोल्यांचं आणखी काय काय होतं?

सगळ्यात सोपं म्हणजे शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून तशाच सोलून खाणं. थंडीच्या संध्याकाळी टोपलंभर शेंगा मधे ठेवून गप्पा मारत घरदार बसतं. पाण्यात मीठ सढळ घाला, कारण ते टरफलातून आत जायचं असतं.

सोलेभातात तांदळासोबत सोले, वांगं, बटाटा आणि काळा मसाला असतो. वांग्यात सोले घालून रस्सा करतात. जाडसर वाटून झुणका आणि कचोरीचं सारणही होतं. भोगीच्या भाजीत हरभरा, पावटा, वाटाणा यांच्या जोडीने तुरीचे दाणे पडतात.

लातूर, धाराशिव, नांदेडकडच्या येळवसीचा उल्लेख मात्र वेगळा करायला हवा. मार्गशीर्ष अमावस्येला सगळं घर शेतात जातं, कडब्याची कोप (लहानशी खोप) करून पूजा होते आणि जेवणाला भज्जी असते. तुरीचे ओले दाणे, हरभरा, वाटाणा, मिळतील त्या शेंगभाज्या आणि पालेभाज्या बेसन लावून एकत्र शिजवलेली ही भाजी, बाजरीचे उंडे आणि ज्वारीच्या पिठाची ताकातली अंबील. त्या दिवशी शेतात जे उभं असतं तेच पानात येतं.

7. आम्ही परदेशात राहतो. ओले दाणे कुठून आणायचे?

भारतीय दुकानात ‘तुवेर लिलवा’ नावाने गोठवलेले दाणे मिळतात. गुजराती उंधियूसाठी त्यांना मागणी असते. ते नसतील तर कॅरिबियन किंवा लॅटिन अमेरिकन दुकानात ‘गंडुलेस’ विचारा. तीच तूर. पोर्तो रिकोमध्ये सणासुदीला हे दाणे घालून भात करतात आणि त्रिनिदादच्या पेलाउ या भातातही ते असतात. डब्यातले दाणे शिजवून खारवलेले असतात, म्हणून दोनदा धुवा, मीठ हात राखून घाला आणि प्रश्न 5 मधलं परतणं थोडं जास्त वेळ करा. चव थेट तशीच येणार नाही, पण आमटी आमटीसारखी होते.

8. अख्खी वाळलेली तूर घरात आहे. ती तशीच शिजवता येते का?

येते. आठ-दहा तास भिजवा, पाणी बदलून कुकरमध्ये शिजवा आणि कांदा-लसणाची फोडणी देऊन घुगऱ्या करा. टरफल चिवट असल्यामुळे मटकी-मुगाच्या उसळीसारखा मऊपणा येत नाही, हे धरून चाला. कच्ची वाळलेली तूर मात्र खाऊ नये. प्रथिनं पचू न देणारे तिच्यातले घटक शिजवल्यावरच निष्प्रभ होतात.

9. पूर्वी घरीच डाळ करायचे, ते कसं?

अजूनही करतात. शेतातली तूर आली की विदर्भ-मराठवाड्यातल्या अनेक घरांत वर्षाची डाळ जात्यावरच होते.

तुरीचं टरफल आतल्या डाळीला डिंकासारख्या थराने घट्ट चिकटलेलं असतं. हरभऱ्याचं सहज सुटतं, तुरीचं नाही. सगळा खटाटोप तो थर सैल करण्यासाठी. तूर निवडून, चाळून आधी जात्याचं पाळू (वरचा दगड) जरा वर ठेवून एकदा भरडतात, म्हणजे टरफलाला चिरा पडतात. मग तेलाचा हात लावतात, पाणी शिंपडतात आणि ढिगावर पोतं टाकून रात्रभर मुरू देतात. पुढे दोन-तीन दिवस कडक ऊन. फेब्रुवारी-मार्चचं ऊन यासाठी नेमकं असतं. नंतर पुन्हा भरडायचं, सुपाने पाखडायचं आणि न फुटलेली तूर परत जात्यात टाकायची.

दुसरी पद्धत मातीची. तूर पाच-सहा तास भिजवून लाल मातीच्या गाऱ्यात घोळतात, रात्रभर ढीग ठेवतात, वाळवून माती झटकतात आणि मग भरडतात. ही डाळ सुटते छान, पण शिजायला जास्त वेळ घेते. त्यामुळे निवड करायची झाली तर मी तेलाचीच पद्धत सांगेन.

क्विंटलभर तुरीची साधारण सत्तर किलोच्या आसपास डाळ पडते. उरलेली चुनी आणि टरफलं गुरांच्या आंबोणात जातात. पाखडताना सुपाच्या कडेला जमणारी बारीक कणी आमच्याकडे पिठल्यासारखी शिजवून खातात. ती चव विकतच्या डाळीतून कधीच मिळणार नाही.

10. तेलाची डाळ, कोरडी डाळ, फटका, पॉलिश: दुकानात नेमकी कोणती घ्यावी?

तेलाच्या डाळीला टिकण्यासाठी तेलाचा हात लावलेला असतो. कोमट पाण्याने दोनदा धुतली की तो निघतो. भारताबाहेर ती जास्त दिसते. कोरडीला तेल नसतं. फटका हा बाजारातला शब्द स्वच्छ, टरफलाचा मागमूस नसलेल्या वरच्या प्रतीसाठी वापरतात. अकोला-नागपूरच्या बाजारभावात तो रोज वाचायला मिळतो.

पॉलिशने फक्त चकाकी येते, चव नाही. मी बिनपॉलिशची निवडते. ती निस्तेज दिसते, हाताला किंचित पिठूळ लागते आणि क्वचित एखादं टरफल निघतं. नावाने घ्यायची असेल तर नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या तूरडाळीला 2016 मध्ये, कर्नाटकातल्या कलबुर्गीच्या तूरडाळीला 2019 मध्ये आणि लातूर जिल्ह्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. पण ओळखीच्या शेतकऱ्याकडून घरची डाळ मिळत असेल तर मी आधी तीच घेईन.

11. डब्यात भुंगे होतात. पावडर न टाकता उपाय?

आधी दाणे नीट पाहा. अख्ख्या तुरीवर पांढरे बारीक ठिपके दिसले तर ती भुंग्याची अंडी आहेत. लागण कित्येकदा शेतातूनच येते, त्यामुळे डबा कितीही स्वच्छ असला तरी भुंगे निघतात. कडक ऊन द्या, पूर्ण निवू द्या आणि मगच भरा. गरम धान्य भरलं तर आत ओल धरते.

हा भुंगा अख्ख्या दाण्यावर जोमाने वाढतो, फोडलेल्या डाळीवर त्याचं तितकं जमत नाही. म्हणून तूर वर्षभर तशीच ठेवण्यापेक्षा डाळ करून ठेवलेली बरी. डाळीला किलोला चमचाभर एरंडेल चोळून ठेवण्याची जुनी रीत आजही उत्तम चालते. वापरताना धुवायला विसरू नका. शहरात दोन-तीन किलोच डाळ असेल तर फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवणं सगळ्यात सोपं.

12. तूरडाळीत लाखोळी मिसळलेली कशी ओळखायची?

लाखोळी म्हणजेच लाख किंवा केसरी डाळ. तुरीची डाळ अर्धगोल, बाहेरून फुगीर असते. लाखोळीचा दाणा पाचरीसारखा, कोनदार असतो आणि एका बाजूला उतरता होत जातो. पांढऱ्या कागदावर मूठभर डाळ पसरून पाहिली की डोळ्यांना फरक कळतो. पूर्व विदर्भात लाखोळी पूर्वापार खातात. मात्र तीच महिनोन् महिने मुख्य अन्न झाली, तर तिच्यातल्या विषारी घटकाने पायांना कायमचं लुळेपण येऊ शकतं. दुष्काळात तसं घडलेलं आहे. एखाद्या जेवणात आली म्हणून घाबरण्याचं कारण नाही, पण फसवून मिसळलेली डाळ परत करावी.

13. तुरीने पित्त होतं म्हणतात. खरं का?

घरोघरी हेच सांगतात आणि पुष्कळांना तसा त्रासही होतो. गंमत म्हणजे भावप्रकाशासारख्या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात आढकी, म्हणजे तूर, ही पित्त आणि कफ कमी करणारी, पण वात वाढवणारी आणि रूक्ष सांगितली आहे. मग जळजळ कुठून येते? माझा संशय डाळीपेक्षा आमटीतल्या चिंच, तिखट आणि तेलावर आहे. आठवडाभर फक्त साधं वरण, हिंग आणि तूप घालून खाऊन पाहा. तरीही त्रास झाला तर मुगाकडे वळा. मूत्रपिंडाचा आजार किंवा यूरिक अ‍ॅसिड वाढलेलं असेल तर प्रमाण डॉक्टरांनाच विचारा.

तोंड आल्यावर तुरीचा पाला उकळून त्या पाण्याने चुळा भरण्याची रीत खेड्यांत आहे. फवारणी झालेल्या शेतातला पाला मात्र कधीही वापरू नये.

14. बाळाला वरणाचं पाणी कधीपासून द्यावं?

पाणी देऊच नका, वरण द्या. सहा महिने पूर्ण झाल्यावर, उष्टावणानंतर, मऊ भात आणि घट्ट वरण एकत्र घोटून, थोडं तूप घालून सुरुवात करा. डाळीवरच्या पाण्यात प्रथिनं अगदी थोडी असतात आणि त्याने बाळाचं इवलंसं पोट मात्र भरतं. तूरडाळीत साधारण 22 टक्के प्रथिनं असतात. तिच्यात जे अमिनो आम्ल कमी पडतं ते तांदळात आणि ज्वारीत असतं, आणि त्यांच्यात कमी असलेलं लायसिन डाळीत भरपूर असतं. वरण-भात ही जोडी म्हणूनच मोठ्यांच्या ताटातही पक्की बसली आहे.

15. उपवासाला तूर चालते का? कार्तिकात वर्ज्य का म्हणतात?

उपवासाला चालत नाही. चातुर्मास पाळणाऱ्या घरांत श्रावणात भाज्या, भाद्रपदात दही, आश्विनात दूध आणि कार्तिकात द्विदल सोडतात. द्विदल म्हणजे ज्याची दोन दळं होतात ते, त्यामुळे तुरीसोबत मूग, हरभरा, उडीद सगळेच आले. एरवी नैवेद्याच्या पानात साधं वरण मानाचं. ते कांदा-लसणाशिवाय करायचं.

16. तुरीच्या डाळीचं पुरण होतं का?

होतं. महाराष्ट्रात हरभऱ्याची डाळ रूढ आहे, पण गुजरातेतली वेडमी तुरीच्या डाळीची असते आणि कर्नाटकातही बऱ्याच घरी होळीगेसाठी तीच वापरतात. तुरीची डाळ लवकर गळते, म्हणून कुकरमध्ये न घालता पातेल्यात, बोटाने दाबली की मोडेल इतपतच शिजवा आणि पाणी पूर्ण निथळू द्या. गूळ डाळीच्या पाऊण पटीने घ्या. डाव उभा राहीपर्यंत पुरण आटवा, नाहीतर पोळी फुटते. निथळलेल्या पाण्याचं सार होतं, ते टाकू नका.

17. तुराट्यांचा काय उपयोग?

शेंगा झोडपून उरलेल्या काड्या म्हणजे तुराट्या. चुलीला उत्तम सरपण, कारण त्या चटकन पेटतात आणि धूर कमी करतात. त्या उभ्या विणून, शेणमातीने लिंपून कुडाच्या भिंती करतात. गोठ्याचं छप्पर आणि परसाचं कुंपणही त्यांचंच. टोपली, डालगी आणि धान्याच्या कणग्या विणायच्या तर काड्या ओल्या असतानाच घ्याव्या लागतात, वाळल्या की मोडतात. बारीक फांद्यांचा खराटा खळं झाडायला नारळाच्या झाडूपेक्षा सरस. शेंगांचं आणि पाल्याचं कुटार गुरं आवडीने खातात.

जमिनीत राहतं तेही कामाचं. मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र धरून ठेवतात, गळलेला पाला कुजतो आणि खोल गेलेलं सोटमूळ कडक जमीन भेदतं. कपाशीच्या किंवा सोयाबीनच्या काही तासांमागे (ओळींमागे) तुरीचं एक तास ठेवण्याची रीत यावरच टिकली आहे.

18. कुंडीत किंवा परसात तूर लावली. झाड सहा फूट झालं, पण फुलंच नाहीत. का?

तूर दिवस लहान व्हायला लागल्यावर फुलते. म्हणून जूनमध्ये पेरलेली तूर पावसाळ्यात नुसती वाढते आणि दसऱ्यानंतर फुलावर येते. तुम्ही महाराष्ट्रात असाल तर वाट पाहा. खत, विशेषतः युरिया, वाढवू नका, त्याने फक्त पाला माजतो. उजेडाच्या दिव्याखाली रात्रभर उभी असलेली कुंडी दुसरीकडे हलवा.

युरोपात किंवा उत्तर अमेरिकेच्या थंड भागात मात्र अडचण खरी आहे. तिथे दिवस पुरेसे लहान होईपर्यंत थंडी येते आणि झाड मरतं. लवकर येणारा वाण मोठ्या कुंडीत लावून सप्टेंबरपासून घरात, भरपूर सूर्यप्रकाशाच्या खिडकीशी ठेवता आला तर मूठभर शेंगा मिळू शकतात. पोटभर सोले हवे असतील तर प्रश्न 7 मधला मार्गच बरा.